औषध सिद्ध झालं, आता पोहोचवायचं कसं? नागपुरात तरुण संशोधकांना अंमलबजावणी संशोधन शिकवण्याची रीत

गडचिरोलीत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग 39 गावांत झाला. तुलनेसाठी 47 गावं होती. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. आशांनी घरी जाऊन बाळ तपासायचं, हा देशभरचा कार्यक्रम व्हायला मात्र 2011 उजाडलं. त्यानंतर प्रश्न बदलले. आशा तिसऱ्या दिवशी पोहोचते का? तिच्याकडे वजनकाटा चालू स्थितीत असतो का? ती बाळाचे श्वास मोजते की फक्त फॉर्म भरते?

उपाय चालतो का, हे क्लिनिकल संशोधन सांगतं. चालणारा उपाय रोजच्या व्यवस्थेत कसा बसवायचा आणि तो कुठे अडतो, हे शोधणं म्हणजे अंमलबजावणी संशोधन. आपल्या मेडिकल कॉलेजांत पहिलं बऱ्यापैकी शिकवलं जातं, दुसरं जवळपास नाही. नागपूरजवळ सगळं आहे: मेडिकल आणि मेयो ही सरकारी महाविद्यालयं, एम्स, खासगी महाविद्यालयं, महापालिकेचे दवाखाने आणि 13 पंचायत समित्यांमध्ये पसरलेली जिल्हा परिषदेची आरोग्य केंद्रं. शिकवायला वर्ग आहेत आणि शिकायला तालुके आहेत, फक्त त्यांची सांगड घालायची आहे. पुढची मांडणी पीएसएम (सामुदायिक वैद्यक) विभाग, नर्सिंग कॉलेज किंवा सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम चालवणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे: सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आणि त्यावरचं औषध हायड्रॉक्सियुरिया.

हे उदाहरण घेण्याचं कारण साधं आहे. हायड्रॉक्सियुरियाने प्रौढ रुग्णांचे वेदनेचे झटके 44 टक्क्यांनी कमी होतात, हे अमेरिकेतल्या चाचणीने 1995 मध्येच दाखवलं. सिकलसेल विदर्भात घराघरात माहीत आहे आणि राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 पासून सुरू आहे. आजार माहीत, औषध माहीत, कार्यक्रमही आहे. तरी भिवापूरच्या एखाद्या मुलाला दर महिन्याला कॅप्सूल मिळते का, याचं उत्तर कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

गट, गाइड आणि दिवस

गट 8 ते 10 जणांचा ठेवा. त्यात सगळेच निवासी डॉक्टर नकोत. पीएसएमचे चार-पाच, मेडिसिन किंवा बालरोगचे एक-दोन, एखादी नर्सिंगची शिक्षिका आणि जिल्हा परिषदेतले एक-दोन वैद्यकीय अधिकारी किंवा सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) असावेत. व्यवस्थेच्या आतला माणूस गटात नसेल, तर बाकीचे कागदावरची व्यवस्था खरी धरून चालतात. औषधाची मागणी कोणत्या तारखेला जाते, उपकेंद्रातला फ्रीज कधीपासून बंद आहे, एएनएमकडे (उपकेंद्रातल्या परिचारिकेकडे) खरोखर किती गावं आहेत, हे त्या माणसालाच ठाऊक असतं.

प्रत्येकाला दोन गाइड द्या: एक कॉलेजचा, एक आरोग्य यंत्रणेतला. दुसरा गाइड तालुका आरोग्य अधिकारी किंवा त्या कार्यक्रमाचा जिल्हा पातळीवरचा अधिकारी असावा. त्याचं नाव प्रोटोकॉलवर, म्हणजे संशोधनाच्या लेखी आराखड्यावर, पहिल्या दिवसापासून हवं. शेवटी आभारात एक ओळ लिहून भागत नाही. त्याने काम केलं असेल तर शोधनिबंधातही तो लेखक असतो, हे आधीच ठरवून लिहून ठेवा. एका गाइडकडे दोनपेक्षा जास्त विद्यार्थी दिले की भेटी सह्यांपुरत्या उरतात.

आता वेळ. आठवड्यातला एक ठरलेला दिवस विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. ‘ड्युटी संपल्यावर बघू’ या बोलीवर सुरू झालेलं प्रशिक्षण दुसऱ्याच महिन्यात गळतं. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिन्यांची डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी सक्तीची आहे, ती इथे फार उपयोगाची आहे. पण त्या काळात विद्यार्थी जिल्ह्याच्या कामासाठी गेलेला असतो. त्याचं संशोधन त्या कामाच्या जागी येऊ शकत नाही, त्याच्या आत बसवावं लागतं. पोस्टिंग कुठे मिळेल याची बोलणी समन्वयकाशी लवकर करा.

पूर्ण चक्राला 18 महिने धरा: पाहणी आणि प्रश्न ठरवायला 4, परवानग्यांना 3, प्रत्यक्ष कामाला 8, लेखन आणि हस्तांतरणाला 3. एका वर्षात कोंबलं तर कामाचे आठ महिने तीनवर येतात, आणि तीन महिन्यांत दिसतो तो नव्याचा उत्साह.

वेळापत्रक आखताना नागपूरचं कॅलेंडर समोर ठेवा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं, अधिकारी आणि गाड्या तिकडे गुंततात, फायली थांबतात. मार्चअखेर खर्चाची धावपळ असते. दसऱ्याला आणि 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीच्या गर्दीसाठी आरोग्य पथकं लागतात. मौदा, रामटेक, कुही, भिवापूर या धानाच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी चालते आणि दिवसा घरी कोणी सापडत नाही. काटोल-नरखेडकडे ऑक्टोबरपासून कापूस वेचणी आणि संत्र्याची तोडणी. मे महिन्याच्या उन्हात दुपारची गावभेट ठेवू नका. या तारखा गाळल्या तर आधारभूत, म्हणजे उपायाआधीची, माहिती रोवणीच्या महिन्यात गोळा होते आणि नंतरची हिवाळ्यात. मग उपस्थिती वाढली ती उपायामुळे की रोवणी संपल्यामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही.

पहिले सहा आठवडे: प्रोटोकॉल नाही, फक्त वाट चालायची

इथे सर्वात जास्त वेळ द्या. विद्यार्थी येतो तोच विषय घेऊन, आणि तो विषय बहुतेक वेळा ‘ज्ञान, दृष्टिकोन व वर्तन’ असा असतो. तो बाजूला ठेवायला सांगा. त्याने एका आरोग्य केंद्राच्या हद्दीत रुग्णाची पूर्ण वाट पायाखालून घालायची: उपकेंद्रात सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी, नमुना पुढे जाणं, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या चाचणीने निदान पक्कं होणं, अहवाल गावात परत येणं, समुपदेशन, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), पहिली कॅप्सूल, दुसऱ्या महिन्याची कॅप्सूल, आणि तिथून पुढे.

प्रत्येक टप्प्यावर चार गोष्टी लिहायच्या. हे काम कोण करतं? नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये होते? पुढच्या टप्प्याला किती दिवस लागतात? किती रुग्ण इथे गळतात? एका मोठ्या कागदावर हे सगळं काढलं की तोच पहिला निकाल असतो.

सरावासाठी असे आकडे द्या. समजा, एका हद्दीत 40 एसएस (आजार प्रत्यक्ष असलेल्या) रुग्णांचं निदान झालं. अहवाल हातात पडला 31 जणांच्या. सीबीसी झाली 22 जणांची. पहिली कॅप्सूल मिळाली 14 जणांना. सहाव्या महिन्याला औषधावर होते 6. आता विचारा, कुठल्या टप्प्यावर काम करायचं? गळती जवळपास सारखीच दिसते: 9, 9, 8, 8. बरेच जण ‘पहिला टप्पा, कारण तिथूनच सगळं सुरू होतं’ असं म्हणतात. त्यांना गणित करायला लावा. पहिला टप्पा पूर्ण सुधारला, सगळ्या 40 जणांना अहवाल मिळाले आणि पुढचं प्रमाण तसंच राहिलं, तर शेवटी औषधावर राहतील 8 च्या आत. शेवटचा टप्पा सुधारला, पहिली कॅप्सूल घेतलेले सगळे टिकले, तर राहतील 14. एकाच तासात विद्यार्थ्याला कळतं की गळती आकड्याने नाही, प्रमाणाने वाचायची. शेवटच्या टप्प्यावर 57 टक्के गळत होते.

मोजणीतच चुका होतात, त्या आधी सांगून ठेवा. एकच रुग्ण उपकेंद्राच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या अशा दोन्ही रजिस्टरमध्ये वेगळ्या नावाने असतो. लग्नानंतर आडनाव आणि गाव दोन्ही बदलतं. वाहक (सदोष जनुक असलेले, पण आजार नसलेले) आणि रुग्ण एकाच यादीत मिसळलेले असतात. म्हणून वय, आईचं नाव आणि मूळ गाव धरून जुळवणी करा, आणि दोघांनी स्वतंत्रपणे मोजा. आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्याने.

प्रश्न लिहिणं

‘ग्रामीण नागपुरातील सिकलसेल रुग्णांच्या ज्ञानाचा अभ्यास’ या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी सोमवारी सकाळी आरोग्य केंद्रात काहीही बदलत नाही. चांगला प्रश्न असा असतो: ‘कुही तालुक्यात महिन्याची कॅप्सूल उपकेंद्रातूनच दिली आणि सीबीसीचा नमुनाही तिथेच घेतला, तर सहाव्या महिन्याला औषधावर असलेल्यांचं प्रमाण वाढतं का, आणि एएनएमला हे काम झेपतं का?’ यात जागा आहे, कोणी काय वेगळं करायचं ते आहे, कधी मोजायचं ते आहे. दुसरा अर्धा भाग विद्यार्थी नेहमी गाळतात. तो गाळू देऊ नका. रुग्णाला फायदा झाला पण कर्मचारी मोडून पडले, तर तो उपाय पुढच्या आर्थिक वर्षापर्यंत टिकत नाही.

प्रश्न पक्का करण्याआधी तो तालुका आरोग्य अधिकाऱ्यासमोर दहा मिनिटांत मांडायला लावा आणि एकच विचारा: उत्तर ‘हो’ आलं तर तुम्ही काय बदलाल? त्यांच्याकडे उत्तर नसेल तर प्रश्न बदला.

चौकट एकच, फार तर दोन

अंमलबजावणी संशोधनात चौकटींची, म्हणजे काय बघायचं आणि काय मोजायचं याच्या तयार आराखड्यांची, गर्दी आहे आणि नवखा विद्यार्थी त्यात हरवतो. अडथळे शोधायला सीएफआयआर ही चौकट पुरे. त्यात पाच क्षेत्रं आहेत: उपाय स्वतः, बाहेरची परिस्थिती, संस्थेच्या आतली परिस्थिती, माणसं आणि राबवण्याची प्रक्रिया. 2009 च्या मूळ चौकटीत 39 घटक होते, 2022 मध्ये ती सुधारली. विद्यार्थी या सगळ्या घटकांची प्रश्नावली करून आशांपुढे ठेवतात, हे टाळा. वाट चालताना जे अडथळे दिसले ते आधी साध्या मराठीत लिहायचे, मग ते कोणत्या क्षेत्रात बसतात ते बघायचं. क्रम उलटा झाला की जे चौकटीत आहे तेवढंच दिसतं.

काय मोजायचं यासाठी प्रॉक्टर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेले आठ परिणाम घ्या: स्वीकार, अवलंब, योग्यता, व्यवहार्यता, नेमकेपणा, खर्च, व्याप्ती, टिकाऊपणा. आठही मोजायचे नाहीत. प्रश्नाला लागतील ते तीन घ्या. आपल्या उदाहरणात ते असे: किती उपकेंद्रांनी काम सुरू केलं, ठरल्याप्रमाणे सीबीसी बघूनच कॅप्सूल दिली का, आणि किती रुग्णांपर्यंत पोहोचलं.

अडथळ्याला साजेसा उपाय

कोणताही अडथळा सांगा, विद्यार्थी ‘प्रशिक्षण देऊ’ म्हणतो. ही सवय मोडणं हा या अभ्यासक्रमाचा निम्मा भाग आहे. एएनएमला माहीतच नसेल तर प्रशिक्षण कामाचं. कॅप्सूलचा साठा संपला असेल, तर प्रशिक्षित एएनएमसुद्धा रिकाम्या हाताने बसते. तिथे मागणीची तारीख आणि किमान साठ्याची पातळी बदलावी लागते. ‘हे कॅन्सरचं औषध आहे’ म्हणून घरचे घाबरत असतील, तर पोस्टर लावून भागत नाही. आधीपासून औषध घेणाऱ्या मुलाच्या आईने बोलणं जास्त उपयोगी. सीबीसीसाठी दिवसाची मजुरी बुडवून उमरेडला यावं लागत असेल, तर नमुना गावातून नेण्याची सोय हवी.

उपाय ठरला की तो सात गोष्टींनी लिहायला लावा: कोण करणार, नेमकं काय, कोणासाठी, केव्हा, किती वेळा, त्याने कोणता परिणाम बदलेल, आणि तो बदलेल असं का वाटतं. उदाहरणार्थ: ‘उपकेंद्राची एएनएम, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, तिच्या यादीतल्या प्रत्येक रुग्णाला 30 दिवसांच्या कॅप्सूल देईल. त्याआधी सीबीसीचा अहवाल वैद्यकीय अधिकाऱ्याने बघून सही केलेली असेल. न आलेल्यांच्या घरी आशा तीन दिवसांत जाईल.’ सातपैकी एकाही गोष्टीत ‘योग्य ती कार्यवाही’ असं आलं तर कागद परत करा.

सुरक्षितता विद्यार्थ्याच्या मर्जीवर सोडायची नाही. हायड्रॉक्सियुरियामुळे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरू शकतात. कुठल्या आकड्याखाली औषध थांबवायचं, गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीबाबत काय करायचं, ताप आला तर कुठे पाठवायचं, हे कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लिहून उपकेंद्राच्या भिंतीवर लावायचं. औषध गावाजवळ आणताना देखरेख गावापासून लांब जाऊ देता येत नाही.

रचना आणि गणित

सर्वात सोपी रचना म्हणजे आधी-नंतर. तीच सर्वात जास्त फसवते. सर्वात वाईट कामगिरीची केंद्रं निवडली की ती पुढच्या तिमाहीत आपोआपच थोडी सुधारलेली दिसतात, तुम्ही काही केलं नाही तरी. त्यापेक्षा दर महिन्याची रजिस्टरची नोंद वापरून आधीचे निदान 8 आणि नंतरचे 8 महिने अशी कालमालिका घ्या. केंद्रं पुरेशी असतील तर स्टेप्ड-वेज रचना घ्या. त्यात सगळ्या केंद्रांना उपाय मिळतो, पण टप्प्याटप्प्याने, आणि कोण आधी हे चिठ्ठीने ठरतं. अधिकाऱ्यांना ती पटते, कारण कोणी वंचित राहत नाही. मात्र दोन टप्प्यांमध्ये आमदारांच्या भेटीमुळे एखादं केंद्र पुढे सरकवलं गेलं, तर ती गोष्ट लपवायची नाही, लिहायची.

नमुन्याच्या आकाराचं एक गणित प्रत्येकाने हाताने करावं. साध्या निवडीने गटाला 100 रुग्ण लागतात असं धरू. एका केंद्रात 20 रुग्ण आहेत आणि एकाच केंद्रातले रुग्ण एकमेकांसारखे असण्याचं प्रमाण, म्हणजे आयसीसी, 0.05 आहे. मग डिझाइन इफेक्ट, म्हणजे नमुना किती पट वाढवायचा तो आकडा, 1 + (20 − 1) × 0.05 = 1.95. 100 च्या जागी 195 रुग्ण लागतात, म्हणजे गटाला 10 केंद्रं. दोन केंद्रांची तुलना करून ‘फरक महत्त्वाचा’ म्हणणारे थिसिस इथेच चुकलेले असतात.

व्याख्या काम सुरू होण्याआधी गोठवा. ‘औषधावर आहे’ म्हणजे काय? मागच्या 180 दिवसांत किमान 150 दिवसांच्या कॅप्सूल घेतल्या, असं काहीतरी पक्कं ठरवा. मरण पावलेले आणि स्थलांतरित छेदात धरायचे की वेगळे दाखवायचे, तेही. नंतर ठरवलं तर आकडा हवा तिकडे वळतो.

बोलणं ऐकणं

मुलाखती कमी घ्या, पण नीट घ्या. 12 ते 15 पुरतात, त्यानंतर बहुतेक वेळा तेच ऐकू येऊ लागतं. वैद्यकीय अधिकाऱ्याने आशाची मुलाखत घेऊ नये. आपल्या साहेबांसमोर ती ‘सगळं व्यवस्थित आहे’ असंच सांगेल. रामटेक-पारशिवनीकडच्या गोंड गावांत गोंडी जाणणारी व्यक्ती सोबत असावी, आणि ती रुग्णाची नातेवाईक नसावी. मराठीतली मुलाखत मराठीतच वाचून कोड करा, म्हणजे वाक्यांना विषयांची लेबलं लावा. आधी इंग्रजी करून मग कोड केलं तर ‘बाई ऐकून घेते, पण करत काही नाही’ यातली तक्रार हरवते आणि हाती ‘असमाधान’ एवढा एक शब्द उरतो.

परवानग्या आणि रुग्णाची इभ्रत

एथिक्स कमिटी आणि प्रशासकीय परवानगी या दोन्ही वाटा एकाच वेळी सुरू करा. ग्रामीण भागासाठी जिल्हा आरोग्य अधिकारी, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांसाठी जिल्हा शल्यचिकित्सक, शहरी दवाखान्यांसाठी महापालिकेचे आरोग्य अधिकारी. एकापेक्षा जास्त जिल्हे असतील तर उपसंचालक. अर्जाला एका पानाचा मराठी सारांश जोडा. टेबलावरचा कारकून आणि अधिकारी दोघेही तोच वाचतात. उपायाची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करा. मागाहून केलेली नोंदणी निबंध छापताना आड येते.

सिकलसेलमध्ये एक गोष्ट आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या संशोधन-नीतीच्या मार्गदर्शक सूचनांहूनही आधी शिकवावी लागते. मुलगी वाहक आहे हे गावात फुटलं तर तिचं लग्न मोडू शकतं. म्हणून यादी आशाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही, घरभेट ‘सिकलसेलची’ म्हणून जाहीर करायची नाही, लॅपटॉपमधल्या फाइलमध्ये नाव आणि निकाल एकत्र ठेवायचे नाहीत. नाव-क्रमांकाची जुळणी वेगळ्या, कुलूपबंद वहीत असावी. जात आणि जमात विचारायची तर ती विश्लेषणात नेमकी कुठे लागणार ते प्रोटोकॉलमध्ये लिहा. तिथे जागा नसेल तर विचारू नका.

मूल्यमापन कशाचं

जागतिक आरोग्य संघटनेत चालणाऱ्या टीडीआर या संशोधन-प्रशिक्षण कार्यक्रमाच्या सॉर्ट-आयटी अभ्यासक्रमातली एक शिस्त उचलण्यासारखी आहे: प्रत्येक टप्प्याला तारखेसह ठरलेलं काम, आणि ते न देणाऱ्याला पुढे प्रवेश नाही. आपल्याकडे हे कठोर वाटतं, पण याच शिस्तीमुळे काम पुरं होतं. टप्पे असे ठेवा: वाटेचा नकाशा, प्रश्न, सात गोष्टींचा उपाय, मंजूर प्रोटोकॉल, मासिक आकडे, आणि शेवटी दोन लेखन. एक शोधनिबंध. दुसरं, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यासाठी दोन पानी मराठी टिपण. गुण दोन्हींना सारखे द्या.

टिपणात पहिल्या परिच्छेदात निर्णय मागायचा, पार्श्वभूमी नाही. मग महिन्याचा खर्च, रुपयांत. मग एएनएमचा आठवड्यातला किती वेळ लागतो. मग काय जमलं नाही. उपाय चालला नाही तर तेही टिपण द्यायचंच. न चाललेला उपाय शेजारच्या तालुक्याने पुन्हा करून बघू नये, यासाठी त्याची किंमत मोठी आहे.

आणि विद्यार्थी निघण्याआधी, शेवटच्या तीन महिन्यांत, त्याने स्वतः काहीही करायचं नाही. दुसऱ्या मंगळवारची यादी एएनएम काढते, साठ्याची मागणी फार्मासिस्ट पाठवतो, न आलेल्यांची नावं तालुक्याच्या मासिक सभेत वाचली जातात. विद्यार्थी फक्त मोजतो. या तीन महिन्यांतला आकडा निबंधात वेगळ्या ओळीत द्यायचा, कारण तालुक्याकडे पुढे तेवढंच उरणार आहे.